टाका कुणाचा, ‘लाइक’ कुणाला?

लखनऊच्या इंदिरानगरातील एका घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचे एक दुकान आहे. दुकान म्हणायचे ते केवळ सवयीने, कारण तिथे गिऱ्हाईक येत नाही. एक पांढरी भिंत, तिच्यासमोर उभा केलेला गोल दिवा, बांबूच्या दांडीवर टांगलेले चिकनचे कुर्ते आणि कुरिअरच्या पिशव्यांचा ढीग, एवढाच सारा पसारा. ते चालवणारी तरुणी अभियांत्रिकीची पदवीधर आहे. शिक्षण संपल्यावर नोएडातील एका स्टार्टअपमध्ये तिने दोन वर्षे काढली. मोबाइलच्या पडद्यावर सरकणारे बोट आणखी दोन-तीन सेकंद कसे थबकेल, याचे प्रयोग करायचे आणि निकाल मोजायचे, हे तिचे काम. पगार उत्तम होता. ‘‘पण संध्याकाळी फोनवर आई विचारायची, आज काय केलंस? आणि मला काही सांगता यायचं नाही,’’ ती म्हणाली. नोकरी सोडून ती लखनऊला परतली आणि इन्स्टाग्रामवर चिकनचे कपडे विकू लागली. आता आईला सांगण्यासारखे रोज काहीतरी असते.

मला हे उत्तर आवडले. अर्थपूर्ण काम म्हणजे काय, यावर व्यवस्थापनशास्त्राने पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. पण दिवसभर काय केले हे घरच्या माणसाला साध्या शब्दांत सांगता येणे, ही कसोटी मला त्या सगळ्या ग्रंथांपेक्षा भरवशाची वाटते. म्हणूनच मी तिला पुढचा प्रश्न विचारला: समोर टांगलेला हा कुर्ता कुणी भरला? ती जरा थांबली. माल चौकातल्या एका व्यापाऱ्याकडून येतो, व्यापारी तो एजंटाकडे देतो, एजंट गावोगाव वाटतो. ज्या बाईने त्यावर टाके घातले तिचे नाव असलेच, तर ते एजंटाच्या वहीत असेल. ‘‘हे मला ठाऊक असायला हवं होतं,’’ ती म्हणाली. त्या क्षणापर्यंत तिच्या दुकानाच्या पानावरील छायाचित्रांना मिळालेल्या पसंतीचे आकडे ती मला मोठ्या उत्साहाने दाखवत होती. त्यानंतर तिने फोन खाली ठेवला.

चिकनचे काम एका हाताचे नसते. कापड बेतून कच्चे शिवले जाते, मग लाकडी ठशांनी त्यावर निळीची नक्षी छापली जाते, मग ते बायकांच्या घरी जाते. भरतकाम झाले की धोब्याकडे. नीळ आणि महिनोन्‌महिन्यांचा हाताचा मळ तिथे धुऊन निघतो. टाक्यांची नावे ऐकायलाही गोड आहेत: टेपची म्हणजे साधा धावता टाका, बखिया उलट बाजूने घालतात आणि सुलट बाजूला त्याची फक्त सावली उमटते, फंदा बाजरीच्या दाण्यासारखा, मुर्री तांदळाच्या दाण्यासारखी. जाली सर्वांत अवघड. तिच्यात कापडाचा धागा ओढून काढायचा नसतो, सुईने वीण बाजूला सारून छिद्रांची जाळी उभी करायची असते. एकाच कुर्त्यावर टेपची एका घरात, मुर्री दुसऱ्या घरात आणि जाली तिसऱ्या गावात, असेही होते. त्यामुळे ‘हा कुर्ता माझा’ असे म्हणण्याची सोय मुळात कुणालाच नाही. श्रमविभागणीचा हा प्रकार ॲपच्या जमान्यात जन्माला आला, असे ज्यांना वाटते त्यांनी लखनऊच्या गल्ल्यांतून एक चक्कर मारावी.

दुसऱ्या दिवशी मी काकोरीच्या बाजूला एका वस्तीत गेलो. ज्या ओळखीने गेलो तीही एका एजंटाचीच होती, हे आधीच सांगितलेले बरे. दाराशी उजेड येतो तिथे एक पन्नाशीची बाई बसली होती. फ्रेमचा उपयोग नाही. कापड डाव्या हाताच्या बोटांवर ताणून धरलेले आणि उजव्या हातात सुई. या कुर्त्याला किती दिवस लागतील, असे विचारल्यावर तिने आधी दिवसांची व्याख्या केली. स्वयंपाक, पाणी, म्हैस आणि सासऱ्यांचे आजारपण वजा जाता जे उरते तो दिवस. अशा हिशेबाने बारा-तेरा. मिळणारी रक्कम तिने सांगितली, ती मी इथे लिहीत नाही, कारण एका घरातल्या आकड्यावरून साऱ्या व्यवसायाचा निवाडा करणे योग्य नव्हे. एवढे मात्र सांगतो की, त्या जातीचा कुर्ता आदल्या दिवशी मी ज्या किमतीला विकला जाताना पाहिला होता, ती किंमत ऐकून ती हसली. रागावली नाही, हसली. ‘‘भाईसाहब, एवढ्याला विकला जातो तर चांगलाच झाला असणार,’’ असे म्हणून तिने पुन्हा मान खाली घातली.

तिची मुलगी बारावीनंतर बी.ए. करते आहे. तिलाही टाके येतात, चांगले येतात. पण आईच्या डोळ्यांवरचा जाड भिंगांचा चष्मा तिने पाहिला आहे. भिंतीवर देवादिकांच्या किंवा नटनट्यांच्या चित्रांऐवजी पोलीस भरतीच्या अभ्यासक्रमाचा कागद चिकटवला होता. धावण्याचा सराव पहाटे, अभ्यास मोबाइलवर, मधल्या वेळात भरतकाम. मोबाइलवर अभ्यास करता करता रीळ पाहण्यात किती वेळ जातो, असे विचारल्यावर तिने लाजून आईकडे पाहिले.

या मुलीच्या भिंतीवरचा तो कागद उत्तर प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेविषयी जितके सांगतो तितके कोणतेही गुंतवणूक संमेलन सांगत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यात पोलीस शिपायांच्या ६०,२४४ जागांसाठी परीक्षा झाली. अर्ज होते ४८ लाखांहून अधिक. प्रश्नपत्रिका फुटली, परीक्षा रद्द झाली, ऑगस्टमध्ये पुन्हा घ्यावी लागली आणि जून २०२५ मध्ये लखनऊत केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते नियुक्तिपत्रे वाटली गेली. एका जागेमागे ८० उमेदवार. या गर्दीकडे पाहून ‘तरुणांना सरकारी नोकरीचे वेड आहे, जोखीम नको आहे’ असा शेरा मारण्याची पद्धत आहे. मला तो शेरा अन्यायाचा वाटतो. पोलीस शिपायाचे काम कष्टाचे, अपमानाचे आणि धोक्याचे असते, हे या मुलांना ठाऊक असते. पण त्या कामाला नाव आहे, पदनाम आहे, ठरलेला पगार आहे आणि तो कोण देणार हे माहीत आहे. आईच्या कामाला यांतले काहीच नाही. मुलगी जोखीम टाळत नाही. जन्मापासून पाहिलेली जोखीम ती नाकारते आहे.

याच लखनऊमध्ये २७ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे पोलीस भरतीची फेरपरीक्षा सुरू असतानाच, राज्य मंत्रिमंडळाने नवे डिजिटल माध्यम धोरण मंजूर केले. सरकारी योजनांची आणि कामगिरीची माहिती समाजमाध्यमांवरून पसरवणाऱ्या ‘इन्फ्लुएन्सर’ मंडळींना त्यात मोबदल्याची तरतूद आहे. एक्स, फेसबुक आणि इन्स्टाग्रामसाठी अनुयायांच्या संख्येनुसार महिना कमाल पाच, चार, तीन आणि दोन लाख रुपये. यूट्यूबवरील चित्रफिती, लघुचित्रफिती आणि पॉडकास्टसाठी कमाल आठ, सात, सहा आणि चार लाख. या धोरणावर टीका झाली ती मुख्यतः अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने, कारण त्यात आक्षेपार्ह मजकुरावर कारवाईचीही भाषा होती. ती टीका रास्तच होती. मात्र त्या धोरणाची दुसरी बाजू चर्चेत फारशी आली नाही. राज्याने कामाच्या दरांचे काटेकोर कोष्टक तयार केले होते. किती अनुयायांना किती पैसे, कोणत्या माध्यमाला किती, सारे नेमके. चिकनच्या एका मुर्रीला किती, एका जालीला किती, याचे असे कोष्टक त्याच सचिवालयात तयार होऊ शकले असते. ‘एक जनपद, एक उत्पाद’ ही योजना जानेवारी २०१८ पासून राज्यात राबवली जाते आणि लखनऊचे उत्पादन म्हणून तिच्यात चिकनकारी व जरी-जरदोजी आहे. उत्पादनाची जाहिरात करण्याचा दर ठरला. ते करण्याचा दर ठरवण्याचे कुणाला सुचले नाही.

हे लिहिणाऱ्याचेही हात स्वच्छ नाहीत. हा लेख प्रसिद्ध झाल्यावर त्याचा दुवा मीच समाजमाध्यमांवर टाकीन आणि पुढचे दोन तास दर दहा मिनिटांनी आकडे पाहीन. एखाद्या लेखासाठी तीन आठवडे कागदपत्रे चाळली तर त्याला मोजके वाचक मिळतात आणि रागाच्या भरात लिहिलेल्या दोन ओळींना हजारो. याची सवय झाली की माणूस हळूहळू दोन ओळींचाच विचार करू लागतो. मी करू लागलो होतो. इंदिरानगरच्या त्या तरुणीने नोएडातले काम सोडले ते त्या यंत्राच्या आतल्या बाजूला बसून हे पाहिल्यावर. मी बाहेरच्या बाजूला होतो, इतकाच फरक.

लखनऊला तंत्रज्ञान आणि त्यावर उभ्या राहिलेल्या उद्योगाची ओळख आजची नाही. हजरतगंजजवळच्या एका रस्त्याला मुन्शी नवलकिशोर यांचे नाव आहे. १८५७च्या उठावात होरपळलेल्या या शहरात १८५८ साली बावीस वर्षांचा हा तरुण आला. लाहोरच्या ‘कोहिनूर’ छापखान्यात त्याने धंद्याचे धडे घेतले होते. नवाबी गेलेली, आश्रयदाते विखुरलेले, हस्तलिखितांचे जग मोडून पडलेले. त्याने शिळाप्रेस घातला, ‘अवध अखबार’ सुरू केला आणि १८९५ साली मृत्यू येईपर्यंत उर्दू, फारसी, अरबी, हिंदी आणि संस्कृत पुस्तकांचा असा डोंगर उभा केला की आशियातल्या सर्वांत मोठ्या प्रकाशनसंस्थांमध्ये त्याची गणना होऊ लागली. गालिबच्या फारसी कवितांचा संग्रह त्याने छापला. हिंदू मालकाच्या या छापखान्यातून कुराणाच्या स्वस्त प्रती घरोघर गेल्या. ‘अवध अखबार’मध्ये रतननाथ सरशार यांची ‘फसाना-ए-आझाद’ ही कादंबरी १८७८च्या अखेरीपासून क्रमशः येऊ लागली, तेव्हा पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचकवर्ग निर्माण झाला. आजच्या भाषेत सांगायचे तर स्टार्टअप, प्लॅटफॉर्म आणि कंटेन्ट हे तिन्ही. महाराष्ट्रातील वाचकांना याच काळातील जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना आठवेल. तोही एका अक्षर पाडणाऱ्या कारागिराने १८६९ मध्ये उभा केला होता.

नवलकिशोर यांना देवत्व देण्याचे कारण नाही. ब्रिटिश सरकारची शालेय पुस्तकांची कंत्राटे मिळाली म्हणून त्यांचा छापखाना तगला आणि त्यांनी राज्यकर्त्यांची मर्जी सांभाळली. सरकारी पैशाने माध्यम उभे राहणे ही काही २०२४ ची कल्पना नव्हे. पण त्या छापखान्याचे तंत्र पाहा. उर्दूची नस्तालिक लिपी शिशाच्या सुट्या खिळ्यांना दाद देत नव्हती. तिरकी, एकमेकींवर कललेली अक्षरे जुळवणे जिकिरीचे होते. शिळाछापाने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. कातिब, म्हणजे सुलेखनकार, तेलकट शाईने पान लिहायचा, ते दगडावर उमटवले जायचे आणि दगडावरून हजारो प्रती निघायच्या. यंत्र आले, पण हात गेला नाही. उलट हाताला आधी कधी नव्हते इतके काम मिळाले, आणि पुस्तकाच्या अखेरीस कातिबाचे नाव छापण्याची प्रथा अनेकदा पाळली जायची. वाचकाला ठाऊक असायचे की हे वळण अमक्याचे आहे.

कातिबांचा हा व्यवसाय पुढे शंभरएक वर्षे टिकला. १९८०च्या दशकात नूरी नस्तालिक हा संगणकीय टंक आला, १९९० च्या दशकात ‘इनपेज’ आले आणि उर्दू दैनिकांतील कातिबांच्या बैठका रिकाम्या झाल्या. त्याविषयी गळा काढण्यात अर्थ नाही. उर्दूला संगणकावर आणले नसते तर ती मागेच पडली असती. मला फक्त एवढे नोंदवायचे आहे की, एकाच शहरात एका तंत्राने कारागिराला नाव दिले आणि दुसऱ्याने त्याचे कामच नाहीसे केले. तंत्रज्ञान चांगले की वाईट, हा प्रश्न त्यामुळे निरर्थक ठरतो. ते कुणाच्या हाती काय ठेवून जाते, हे दर वेळी नव्याने पाहावे लागते.

आपल्या स्टार्टअप धोरणात नेमके हेच पाहिले जात नाही. १६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झालेल्या ‘स्टार्टअप इंडिया’ने मान्यता दिलेल्या उपक्रमांची संख्या २०२५ उजाडेपर्यंत दीड लाखांच्या पुढे गेली होती, त्यांत महाराष्ट्र आघाडीवर आणि उत्तर प्रदेश वरच्या काही राज्यांत. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीच्या ‘स्टार्टअप महाकुंभा’त वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनीच या यशावर बोट ठेवले. घरपोच जेवण आणि आइस्क्रीम यांत किती काळ रमायचे, चीन बॅटऱ्या, चिप आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांत पुढे जात असताना आपण मुलांना डिलिव्हरीच्या कामाला लावून समाधानी राहणार का, असा त्यांचा आशय होता. उद्योजक चिडले. त्यांनी रोजगाराचे आकडे पुढे केले. दोन्ही बाजूंचे म्हणणे अर्धे बरोबर होते, पण एका गृहीतकावर त्यांचे एकमत होते: डिलिव्हरीचे काम हे जणू निसर्गतःच हलके आहे. ते तसे नाही. पूर्वी टपालवाला हेच काम करायचा आणि गावात त्याला मान होता.

निती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात २०२०-२१ मध्ये ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील. गोमतीनगरमध्ये रात्री जेवण मागवले की ॲपवर ते आणणाऱ्याचे नाव आणि छायाचित्र झळकते. कातिबाला मिळाले ते नाव यालाही मिळाले, असे कुणी म्हणेल. पण ते नाव वीस-पंचवीस मिनिटांचे असते आणि त्याचा उपयोग त्याला तारे देण्यासाठी होतो. आजचा दर काय असेल, तो का बदलला, आपले खाते अचानक का बंद झाले, हे विचारायला त्याच्यापाशी माणूस नसतो. म्हणजे नुसते नाव पुरेसे नाही. चिकन भरणाऱ्या बाईला नाव नाही आणि दर ठरवण्यात वाटा नाही. डिलिव्हरीवाल्याला नाव आहे, वाटा मात्र नाही.

गोयल यांना हवे असलेले ‘सखोल’ तंत्रज्ञानही लखनऊमध्ये आहे आणि ते कोणत्याही गुंतवणूकदाराच्या पैशाने आलेले नाही. कुकरैलच्या बाजूला ‘सीमॅप’ ही केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संस्था आहे. मेंथॉल देणाऱ्या पुदिन्याच्या सुधारित जाती तिथल्या शास्त्रज्ञांनी विकसित केल्या आणि बाराबंकीपासून पुढे पसरलेल्या पट्ट्यात रब्बी व खरीप यांच्यामधल्या रिकाम्या काळात शेतकऱ्यांना एक नगदी पीक मिळाले. गावातच ऊर्ध्वपातनाची टाकी, तिच्यातून निघणारे तेल पिंपात. बाजार चढेपर्यंत ते घरात ठेवता येते. आज जगातील मेंथॉल मिंटच्या तेलाचा सर्वांत मोठा उत्पादक भारत आहे. या पिकाला पाणी फार लागते आणि कृत्रिम मेंथॉलची टांगती तलवार आहेच, त्यामुळे ही निर्भेळ यशोगाथा नव्हे. पण मेंथा तेलाचे वायदे कमोडिटी बाजारात होतात आणि बाराबंकीचा छोटा शेतकरीसुद्धा सकाळी फोनवर भाव पाहून मग पिंपाला हात घालतो. काकोरीच्या त्या बाईच्या हातातही तसाच फोन होता. त्यावर तिच्या मालाचा भाव पाहण्याची सोय मात्र कुणी केलेली नाही. आपल्या हातातल्या वस्तूची बाजारातली किंमत तिला माझ्यासारख्या वाटसरूकडून कळली.

यावर उपाय नाहीत असे नाही. ते आपल्याकडे पूर्वी झालेलेही आहेत. १९८४ मध्ये रुना बॅनर्जी आणि सेहबा हुसेन यांनी लखनऊमध्ये ‘सेवा’ ही संस्था सुरू केली आणि चिकन भरणाऱ्या बायकांना दलाल वगळून थेट काम व मजुरी मिळवून दिली. रुना बॅनर्जींना पुढे पद्मश्री मिळाली. ती भांडवलाच्या शोधात निघालेली कंपनी नव्हती म्हणून तिची गणना स्टार्टअपमध्ये कुणी करत नाही, इतकेच. महाराष्ट्रात तर याहून ठळक उदाहरण आहे. सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायकाही घरातच बसून, नगावर काम करतात. परंतु १९६६च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरखेपी कामगाराला कामगार मानले. त्या एका व्याख्येमुळे ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधी आणि नगाचा ठरलेला दर यांसाठी लढता आले आणि संघटनेच्या बळावर कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. माल आरोग्याला घातक, पण तो करणाऱ्या बाईला कायद्यात जागा. चिकन देखणे, त्यावर जगभर कौतुकाचा वर्षाव, पण ते भरणाऱ्या बाईला अशी जागा नाही.

उलट कायद्याने ती जागा दुसऱ्यालाच दिली आहे. लखनऊ चिकनला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनाचा १९९९चा कायदा वाचला तर ‘उत्पादक’ या शब्दाच्या व्याख्येत हस्तकलेची वस्तू बनवणाऱ्याबरोबरच तिचा व्यापार करणाराही येतो. मानांकनाचा ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करून घेण्याचा अर्ज कोण करू शकतो आणि कोण करत नाही, हे यावरून समजावे. यंत्रावर भरलेल्या नकली चिकनपासून शहराच्या नावाला संरक्षण मिळाले, ते आवश्यकही होते. पण शहर म्हणजे कोण, हा प्रश्न सोयीस्करपणे मोकळा राहिला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार आहेत, घरून काम करणाऱ्या कामगाराचीही व्याख्या आहे. ॲपचालक कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत द्यायची आहे. चिकनच्या व्यापाऱ्यावर असे कोणतेही बंधन नाही. वेतन संहितेत नगावरच्या कामाचा किमान दर ठरवण्याची तरतूद आहे. १९४८च्या किमान वेतन कायद्यात तर माल घरी नेऊन काम करणाऱ्याचा कर्मचाऱ्याच्या व्याख्येतच स्पष्ट उल्लेख होता. तो कायदा आता इतिहासजमा झाला आहे आणि राज्यांच्या नियमांत त्या उल्लेखाला तितकीच ठाम जागा मिळायला हवी. घरून काम करणाऱ्या कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६चा १७७ क्रमांकाचा करार भारताने आजतागायत स्वीकारलेला नाही. ई-श्रम संकेतस्थळावर सर्वाधिक नोंदणी उत्तर प्रदेशातून झाली आहे. नावे सरकारपाशी आहेत. त्या नावांपुढे मालक म्हणून कुणाचे नाव लिहायचे, यावर सारे अडले आहे.

लखनऊहून परतल्यावर दीड महिन्याने त्या तरुणीचा फोन आला. तिने एक प्रयोग केला होता. कुर्त्याच्या छायाचित्राखाली तो भरणाऱ्या बाईचे नाव आणि गाव लिहायला सुरुवात केली. नावे एजंटाकडून मिळवली, त्या बायकांना विचारून घेतली. पहिल्या आठवड्यात विक्री वाढली. दुसऱ्या आठवड्यात व्यापाऱ्याने माल देणे बंद केले. उद्या लोक थेट त्या बायकांकडे जातील, मग आम्ही काय करायचे, असे त्याने सांगितले आणि त्याच्या बाजूने पाहिले तर ते खोटे नव्हते. कापड तो उधारीवर देतो, छपाईचे आणि धुलाईचे पैसे तो आधी गुंतवतो, माल पडून राहिला तर बुडणार तो. बायकांशी थेट व्यवहार करायचा तर हे सारे आता तिला करावे लागेल. महिन्याला वीस कुर्त्यांऐवजी शंभर कुर्त्यांची उचल आगाऊ द्यावी लागेल.

म्हणून ती सरकारी स्टार्टअप मान्यतेचा अर्ज भरते आहे. त्यात एक रकाना आहे: आपल्या उपक्रमात नवे काय आहे आणि तो किती मोठा होऊ शकतो, हे लिहा. ‘‘टाके तेच आहेत, शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचे,’’ ती म्हणाली. ‘‘बाई एका दिवसात जेवढं भरते त्याहून जास्त भरू शकत नाही. नवं एवढंच की तिचं नाव लिहितो आणि पैसे तिला विचारून ठरवतो. हे कसं लिहायचं? तुम्ही लेख लिहिता, तुम्हीच मजकूर लिहून द्या.’’ मी दोनदा लिहून पाहिला. दोन्ही वेळा तो अर्जासारखा झाला नाही. अर्जाची मुदत अजून आहे, असे ती म्हणते.